ताम्रपटाचा जंगाल व रामन-परिणाम

नरडाण्याहून आग्रा रस्त्यानें उत्तरेस निघून तापी ओलांडली म्हणजे शिरपूर लागतें. या शिरपुरास सांपडलेला महाराज रुद्रदास याचा ताम्रपट खानदेशच्या प्राचीन इतिहासाच्या अभ्यासकांस परिचित आहे. त्यावरील वर्ष ११७ आहे. परंतु तें कोणत्या संवताचें, हें पटांत सांगितलेलें नाहीं. म. म. वासुदेव विष्णु मिराशी यांनीं १९५५ सालीं प्रसिद्ध केलेल्या कलचुरि लेखांच्या खंडांत तें कलचुरि संवताचें मानलें व या महाराजांची वलखा नगरी म्हणजे चाळीसगांवजवळील वाघळी असें सुचविलें. पुढें १९८२ सालीं माळव्यांत बाघ येथें याच घराण्याचे सत्तावीस पट एकत्र सांपडले. श्री. के. व्ही. रमेश व श्री. एस. पी. तिवारी यांनीं ते १९९० सालीं छापले, आणि तेव्हांपासून वलखा बाघच्या बाजूस व संवत् गुप्तांचा, या पक्षाचें पारडें जड झालें. कलचुरि संवत् धरिल्यास रुद्रदासाचा पट इ. स. ३६५–६६ चा ठरतो; गुप्त संवत् धरिल्यास ४३६–३७ चा. एकाहत्तर वर्षांचें हें अंतर थोडें नव्हे. पहिल्या पक्षीं "परमभट्टारक" म्हणून ज्याच्या चरणांचें अनुध्यान हे महाराज सांगतात तो स्वामी एक ठरतो, व दुसऱ्या पक्षीं दुसराच.

अशा वेळीं रसायनशास्त्राशीं परिचय असणारा एखादा मित्र विचारतो कीं, पटावर चढलेला हिरवा जंगाल तपासून त्याचें वय काढतां येणार नाहीं काय? उत्तर स्पष्ट आहे कीं, येणार नाहीं. जंगाल किती चढला हें किती वर्षें लोटलीं यावर जितकें अवलंबून असतें, त्याहून पुष्कळ अधिक तें जमीन कसली, ओल किती, मीठ किती यांवर अवलंबून असतें. एकाच शेतांत दोन हातांच्या अंतरावर पुरलेले दोन तुकडे अगदीं निराळे निघूं शकतात. परंतु हा जंगाल दुसऱ्या कित्येक गोष्टींचा साक्षीदार असतो, व ती साक्ष घेण्याची एक रीत गेल्या पन्नास वर्षांत सिद्ध झाली आहे. तिचा जन्म पुराणवस्तूंच्या दालनांत झाला नसून विद्युद्रसायनाच्या प्रयोगशाळेंत, मिठाच्या पाण्यांत बुडविलेल्या चांदीच्या पत्र्यावर झाला. तिची हकीकत व ताम्रपट-पोथ्यांच्या संग्राहकांस तिचा उपयोग किती, हें सांगण्याचा येथें हेतु आहे.

प्रथम हें ध्यानांत घेतलें पाहिजे कीं, जमिनींत पुरलेला ताम्रपट हा स्वतःच एक विद्युदग्र असतो. ओली माती म्हणजे सौम्य लवणद्रव. पटाच्या पृष्ठभागावर कोठें तांबें विरघळून जातें व इलेक्ट्रॉन मागें ठेवतें, तें धनाग्र. जेथें ओलींतला प्राणवायु ते इलेक्ट्रॉन घेतो, तें ऋणाग्र. एकाच पत्र्यावर अशीं असंख्य सूक्ष्म विद्युत्घटें शतकानुशतकें चालूं असतात. तांब्याच्या अंगास लागून प्रथम तांबडें ऑक्साइड बसतें, त्यास खनिजशास्त्रांत क्यूप्राइट म्हणतात. त्यावर हवेंतील व चुनखडीच्या जमिनींतील कार्बोनेटाच्या योगानें हिरवें मॅलाकाइट चढतें. खानदेशची काळी जमीन चुनखडीची असल्यानें असा शांत हिरवा थर येथील तांब्यावर बसावा हें साहजिक आहे. हा थर शत्रु नव्हे. एकदां नीट बसला म्हणजे तो खालच्या धातूचें रक्षणच करतो.

खरा शत्रु मिठांतील क्लोराइड. तो आंत शिरला म्हणजे तांब्याच्या पृष्ठभागाशीं, तांबड्या थराच्याहि खालीं, मेणासारखें करडें क्युप्रस क्लोराइड तयार होतें. पट जमिनींत असेपर्यंत तें निजून असतें. पट बाहेर काढून कपाटांत ठेवला, व पावसाळ्याची दमट हवा लागली कीं तें जागें होतें. प्राणवायु व ओल यांच्या संयोगानें त्याची फिकी हिरवी भुकटी होते, त्यांत आम्ल उत्पन्न होतें, तें आम्ल पुन्हा ताज्या तांब्यास खातें, व पुन्हा क्युप्रस क्लोराइड बनतें. हें चक्र फ्रेंच रसायनज्ञ बर्तलो यांनीं एकोणिसाव्या शतकाच्या शेवटच्या दशकांत उलगडून दाखविलें; इंग्रज लोक त्यास कांस्याचा रोग म्हणतात. पूर्णेच्या खोऱ्यांतील खारपाणपट्ट्यासारख्या जमिनींतून निघालेल्या तांब्यास हा धोका अधिक समजावा.

आतां आपल्याकडे ताम्रपट हातीं आला म्हणजे काय करतात? चिंच व मीठ लावून तो देवाच्या तांब्याप्रमाणें घासतात. तांब्याचीं भांडीं घासण्याची ही आपली पिढीजात रीत; आणि ताम्रपट म्हणजे तांबेंच, तेव्हां त्यासहि तीच लावली जाते. लिंबानें काम भागविणारेहि आहेत. पट लखलखीत होतो, अक्षरें वाचतां येतात, ठसा उत्तम उठतो, व घरधनी संतुष्ट होतो. परंतु आम्लानें रक्षक थर गेला, आणि मिठानें क्लोराइड नव्यानें आंत घातलें, म्हणजे जो रोग जमिनीनें दिला नव्हता तो आपण आपल्या हातानें दिला. कित्येक पटांवर आज जे हिरव्या भुकटीचे ठिपके दिसतात, ते जमिनींतून आलेले कीं अशा घासण्यांतून आलेले, याचा विचार करण्यासारखा आहे.

दुसरी हानि याहून मोठी आहे. उथळ कोरलेल्या पटांत पुष्कळदां धातूचा पृष्ठभाग सगळाच खाल्ला गेलेला असतो, आणि अक्षराचा आकार केवळ किटणाच्या थरांत शिल्लक राहतो. म्हणजे अक्षर तांब्यांत नसून किटांत असतें. अशा पटाचा कीट काढला कीं लेखहि गेला. घासल्यावर "अक्षरें झिजलेलीं निघालीं" असें म्हणतात. तीं झिजलेलीं निघालीं नसून घासतांना गेलीं, असेंहि कित्येक वेळां घडलें असलें पाहिजे.

पाश्चात्त्य शास्त्रज्ञांचाहि प्रारंभीं कल शुद्ध धातु उघडा करण्याकडेच होता. बर्लिनच्या राजकीय वस्तुसंग्रहालयांत १८८८ सालीं फ्रीडरिख रॅथगेन यांच्या हातीं प्रयोगशाळा सोंपविली गेली, व पुराणवस्तूंच्या रासायनिक रक्षणाचें काम पद्धतशीर सुरू झालें. वस्तु ऋणाग्र करून कॉस्टिक सोड्याच्या द्रवांत टांगावी, भोंवतीं लोखंडाचें धनाग्र ठेवावें, व मंद विद्युत्प्रवाह सोडावा. क्लोराइड धनाग्राकडे निघून जातें व किटाचें परत तांबें होतें, ही रीत पुढें न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयासाठीं फिंक व एल्ड्रिज यांनीं वापरली. त्यांचें पुस्तक १९२५ चें आहे. हिंदुस्थानांत मद्रासच्या सरकारी संग्रहालयानें १९३० सालीं यासाठींच रासायनिक प्रयोगशाळा काढली, व श्री. एस. परमशिवन् यांनीं तेथील कांस्यमूर्तींवर याच रीतीनें उपचार केले. मूर्तीस ही रीत मानवते, कारण मूर्तीचा आकार जाड धातूंत असतो. ताम्रपटास ती मानवेल असें धरून चालतां येत नाहीं. किटांतल्या अक्षराचें तांबें होतांना तें भुसभुशीत होतें व फडक्यासरशीं पुसलें जातें.

मग क्लोराइडास तसेंच आंत ठेवून त्यास बांधून टाकावें, हा विचार पुढें आला. बेंझोट्रायझोल नांवाचें एक सेंद्रिय द्रव्य तांब्यास गंज चढूं देत नाहीं हें उद्योगधंद्यांत ठाऊक होतें. १९६७ सालीं मॅडसन यांनीं पुराणकांस्यावर त्याचा प्रयोग प्रसिद्ध केला. अल्कोहोलांत शेंकडा तीन या प्रमाणांत तें विरघळवून वस्तु निर्वात पात्रांत त्यांत बुडविली म्हणजे तें छिद्राछिद्रांत शिरतें. किटास धक्का लागत नाहीं, रंगहि फारसा बदलत नाहीं. ही रीत जगभर पसरली. परंतु हें द्रव्य तांब्यावर करतें काय? तें नुसतें चिकटून बसतें, कीं तांब्याशीं संयोग पावून कातडें धरतें? आणि किती आम्लता असेपर्यंत तें टिकतें? या प्रश्नांवर आमच्या पटांचें पुढील शतकांतलें आयुष्य अवलंबून आहे. तें कातडें रेणूंच्या मोजक्या थरांइतकें पातळ. सूक्ष्मदर्शकास तें दिसत नाहीं, व तराजूवर तोलण्याइतकें नाहीं. तें पाहण्याचें साधन रामन-परिणामानें दिलें.

२८ फेब्रुवारी १९२८ रोजीं कलकत्त्यास इंडियन असोसिएशनच्या प्रयोगशाळेंत चंद्रशेखर वेंकट रामन व त्यांचे सहकारी के. एस. कृष्णन् यांना आढळलें कीं, एकाच रंगाचा प्रकाश एखाद्या द्रवांतून सोडला असतां बाजूस विखुरणाऱ्या प्रकाशांत मूळ रंगाखेरीज दुसरेहि अगदीं क्षीण रंग येतात. त्याचें कारण असें. रेणूंतील अणु एकमेकांशीं जणूं स्प्रिंगेनें जोडलेले असून ते सतत कंप पावत असतात. जड अणु मंद हालतो, हलका जलद. बंध घट्ट असेल तर स्वर चढा, सैल असेल तर उतरता. प्रकाशाचा कण रेणूवर आपटतांना या कंपनास थोडी शक्ति देऊन जातो किंवा त्यापासून घेऊन जातो, व तेवढ्यानें त्याचा रंग बदलतो. रंगांतला हा फरक मोजला कीं रेणूचा स्वर कळला. आणि प्रत्येक द्रव्याचे स्वर ठरलेले असल्यामुळें द्रव्यहि ओळखलें. याच रामन यांनीं तबला व मृदंग यांच्या स्वरांवर शास्त्रीय निबंध लिहिले होते, हें येथें सांगण्यास हरकत नाहीं. पुडीवर शाई कां घालतात याचें गणित ज्यानें केलें, त्यानें रेणूंचे स्वर ऐकावे यांत नवल नाहीं. १९३० सालीं त्यांस नोबेल पारितोषिक मिळालें.

या परिणामांत एक मोठी अडचण होती. विखुरलेल्या प्रकाशकणांपैकीं दहा लाखांत एखादा, बहुधा त्याहूनहि कमी, असा रंग बदलून येतो. घन किंवा द्रव पदार्थाचा मोठा साठा समोर असेल तर तेवढें पुरे होतें. पण धातूच्या पृष्ठभागावर बसलेल्या एका थरांत एका चौरस सेंटिमीटरास फार तर एकावर पंधरा शून्यें इतके रेणू, आणि भोंवतालच्या पाण्यांत त्यांच्या कित्येक कोटीपट. त्या गलबल्यांत या थराचा आवाज ऐकूं यावा कसा?

१९७४ सालीं इंग्लंडांत साउदॅम्प्टनच्या विद्यापीठांत मार्टिन फ्लाइशमन, पॅट्रिक हेंड्रा व जेम्स मॅकक्विलन यांनीं हें करून दाखविलें. चांदीचें विद्युदग्र पोटॅशियम क्लोराइडाच्या द्रवांत बुडवून त्यांनीं विद्युद्दाब पुढेंमागें फिरविला. चांदी थोडी विरघळे, तिचें क्लोराइड होई, व पुन्हा चांदी होऊन पत्र्यावर बसे. असें वारंवार केल्यानें पत्रा खडबडीत झाला. हेतु इतकाच कीं, खडबडीत पृष्ठभागावर रेणू बसण्यास जागा अधिक मिळावी. मग द्रवांत पिरिडीन घालून लेसरचा प्रकाश टाकतांच पत्र्यावर बसलेल्या पिरिडीनचा वर्णपट स्वच्छ दिसला, आणि विद्युद्दाब बदलतांच त्याच्या रेषांचे जोर बदलले. वाचकांनीं ध्यानांत घ्यावें कीं, धातु विरघळून पुन्हा बसण्याचा जो खेळ या त्रयीनें कांहीं मिनिटांत चालविला, तोच आपल्या ताम्रपटावर जमिनींत शतकें चाललेला असतो.

त्यांनीं दिलेलें कारण मात्र पुरें पडलें नाहीं. १९७७ सालीं अमेरिकेंत जॉनमेअर व व्हॅन ड्यून यांनीं, व इंग्लंडांत केंट येथें अल्ब्रेक्ट व क्रेटन यांनीं स्वतंत्रपणें हिशोब केला, तेव्हां असें दिसलें कीं, वाढलेली जागा धरूनहि हा प्रकाश लाखपट ते दहा लाखपट अधिक आहे. चांदीच्या सूक्ष्म उंचवट्यांतील मुक्त इलेक्ट्रॉन प्रकाशाबरोबर डोलूं लागतात व प्रकाशाचा जोर त्या टोंकांवर एकवटतो, हें त्याचें मुख्य कारण आज मान्य आहे. चांदी, सोनें व तांबें या तीन धातूंत हा गुण ठळक असतो. चांदीवर हिरवा प्रकाशहि चालतो; तांब्यावर मात्र तांबडाच लागतो, कारण त्याहून निळसर प्रकाश तांबें स्वतःच गिळून टाकतें. पुढें १९८० सालीं त्याच साउदॅम्प्टनच्या ॲलन ब्यूइक यांनीं अवरक्त किरणांनींहि विद्युदग्रावरील रेणू पाहण्याची रीत काढली. पाणी अवरक्त किरण शोषून घेतें, म्हणून पाण्याचा थर अगदीं पातळ ठेवावयाचा, व विद्युद्दाब मागेंपुढें करून जेवढें बदलतें तेवढेंच मोजावयाचें. पाणी बदलत नाहीं, तें वजाबाकींत निघून जातें.

फ्लाइशमन हें नांव वाचकांनीं दुसऱ्या संदर्भांतहि ऐकलें असेल. १९८९ सालीं त्यांनीं व पॉन्स यांनीं साध्या विद्युत्घटांत अणुसंलयन घडविल्याचा दावा केला, व तो टिकला नाहीं. त्यावरून १९७४ च्या कामावर अविश्वास दाखविणें मात्र योग्य नव्हे. एका दप्तरांत एक बनावट कागद निघाला म्हणून सगळें दप्तर बनावट ठरत नाहीं, हा आपल्याकडचा नियम तेथेंहि लागू आहे.

आतां बेंझोट्रायझोलकडे वळूं. १९८० नंतरच्या पहिल्या कांहीं वर्षांतच तांब्याच्या विद्युदग्रावर त्याचे रामन-वर्णपट घेतले गेले. ब्राझीलमधील साओ पाउलो येथील रुबीम व त्यांच्या सहकाऱ्यांचा निबंध १९८३ चा आहे. त्यांत व त्यामागून आलेल्या कामांत असें दिसलें कीं, विद्युद्दाब फार ऋण असतां तें द्रव्य रेणुरूपानेंच तांब्यास चिकटून राहतें. पण दाब धन बाजूस सरकला, म्हणजे तांबें गंजण्याच्या बेतास आलें कीं, त्याच्या रेणूंतला एक हायड्रोजन सुटून तेथें तांब्याचा अणु जोडला जातो व साखळीसारखें जोडलेलें एक कातडें बनतें. म्हणजे संकट येतांच ढाल उभी राहते. फार आम्ल द्रवांत मात्र हें कातडें नीट बनत नाहीं. यावरून संग्रहालयांतील एक जुना अनुभव उलगडला. ज्या वस्तूंत क्लोराइडाचे खड्डे खोल गेलेले असतात, त्यांवर हा उपचार पुष्कळदां फसतो. कारण त्या खड्ड्यांच्या तळाशीं आम्लच सांचलेलें असतें. तेव्हां आधीं क्लोराइड व आम्ल जमेल तितकें धुवून काढल्यावांचून बेंझोट्रायझोल लावणें व्यर्थ आहे, हें आतां अनुभवाबरोबरच कारणानेंहि सिद्ध झालें. हें द्रव्य आरोग्यास अपायकारक असल्याचा संशय असल्यामुळें तें घरीं हाताळण्यासारखें नाहीं, हेंहि येथेंच सांगून ठेवितों.

खुद्द पटावर ही रीत कशी लागू पडते? लेसरचा सौम्य किरण सूक्ष्मदर्शकांतून केसाहून बारीक ठिकाणीं पाडावयाचा. पटाचा कण देखील काढावा लागत नाहीं. क्यूप्राइट सुमारें २१८ या तरंगसंख्येस, मॅलाकाइट सुमारें ४३३ व १४९२ येथें आपली रेषा देतें. क्लोराइडयुक्त हिरव्या खनिजांच्या रेषा ८०० ते ९८० च्या दरम्यान व ३३०० च्या पुढें येतात. डोळ्यांस दोन्ही हिरवीं. यंत्रास एक निरोगी व एक रोगी. जुन्या मालकानें लावलेलें मेण, लाख किंवा राळ हींहि ओळखूं येतात. आणि कोणी विक्रेत्यानें नव्या पत्र्यावर हिरवा रंग फांसून पट "जुना" केला असेल, तर तो रंग विसाव्या शतकांतील कृत्रिम रंग आहे हें क्षणांत उघड होतें.

तथापि मर्यादाहि सांगितल्या पाहिजेत. शुद्ध तांब्यास स्वतःचा रामन-वर्णपट नाहीं. म्हणून धातूंत सोमल किती, कथील किती, हें या रीतीनें कळत नाहीं. १९७४ सालींच दायमाबाद येथें सांपडलेल्या चार कांस्यवस्तु, म्हणजे रथ, हत्ती, गेंडा व रेडा, यांच्या काळाविषयींचा वाद धातूंतील सोमलाच्या प्रमाणावरून झाला. तेथें रामन-यंत्राचें काम नाहीं, तेथें क्ष-किरणांची रीत लागते. त्याहून महत्त्वाचें असें कीं, कित्येक कूटशासनें मध्ययुगांतच बनविलीं गेलीं. आठशें वर्षांपूर्वीं कोणा अग्रहारिकानें खोटा पट खोदवून घेतला असेल, तर त्याचा जंगाल आठशें वर्षांचा व अगदीं खरा असेल. तो खोटेपणा अक्षरवाटिकेनें, तिथिवारानें व वंशावळीनेंच पकडला पाहिजे. रुद्रदासाच्या पटावरील ११७ वर्ष कलचुरींचें कीं गुप्तांचें, हेंहि यंत्र सांगणार नाहीं.

पोथ्यांच्या संग्राहकांस या रीतीचा उपयोग कदाचित् अधिकच होईल. आपल्या लेखकांनीं वापरलेलीं बहुतेक खनिजद्रव्यें रामन-किरणांस उत्तम ओळखूं येतात. चूक झांकण्यासाठीं ओळीवर फांसलेली पिंवळी हरताळ (जिच्यावरून "हरताळ फांसणें" हा वाक्प्रचार रूढ झाला) म्हणजे सोमलाचें सल्फाइड. तिची ठळक रेषा सुमारें ३५५ ला येते. हिंगुळाची सुमारें २५३ ला, शेंदराची १२२ व ५४९ ला. काजळाच्या शाईचे १३५० व १५९० च्या आसपास दोन रुंद उंचवटे दिसतात. नीळ १५७५ च्या आसपास सांपडते. मुंबई गॅझेटियरच्या १८८० च्या खानदेश खंडांत यावल गांव जाडाभरडा देशी कागद व नीळ यांसाठीं पूर्वीं प्रसिद्ध असल्याची नोंद आहे. खानदेशी पोथींतील निळा रंग कोठचा, असा प्रश्न त्यावरून मनांत येतो. परंतु यावलची नीळ व १८९७ नंतर जर्मनींतून आलेली कृत्रिम नीळ यांचा रेणू एकच असल्यामुळें हा भेद यंत्रास कळत नाहीं. ती नीळ आहे, एवढेंच तें सांगतें.

वनस्पतींचे व किड्यांचे रंग, म्हणजे मंजिष्ठ, लाख वगैरे, यांच्या बाबतींत साधी रामन-रीत हरते. लेसर पडतांच हीं द्रव्यें स्वतः झळकूं लागतात, व त्या अनुस्फुरणांत क्षीण रेषा बुडून जातात. येथें विद्युदग्राचा अनुभव कामास आला. चांदीच्या पृष्ठभागास चिकटलेला रंगाचा रेणू झळकणें सोडून देतो व त्याच्या रेषा लाखपट उजळतात. १९८२ सालीं ली व मायझेल यांनीं चांदीचे सूक्ष्म कण पाण्यांत तरंगत ठेवून तोच परिणाम साधण्याची सोपी रीत दिली, त्यामुळें विद्युद्घटाचीहि गरज उरली नाहीं. पुराणवस्तूंवर हा प्रयोग प्रथम झाला तो १९८७ सालीं, आणि तोहि पुस्तकांवर. फ्रान्सांतील गिनो व गिशार यांनीं जुन्या बांधणीच्या पुस्तकांच्या पुठ्ठ्याशीं शिवलेल्या रंगीत दोऱ्यांतील मंजिष्ठवर्गाचा रंग या रीतीनें ओळखला. २००९ सालीं न्यूयॉर्कचे मार्को लिओना यांनीं सुमारें चार हजार वर्षांपूर्वींच्या मिसरी भात्याच्या चामड्यावर मंजिष्ठवर्गाचा रंग, व बाराव्या शतकांतील एका फ्रेंच काष्ठमूर्तीवर लाखेचा रंग दाखविला. लाख ही पूर्वेकडची वस्तु. ती त्या शतकांत फ्रान्सच्या मूर्तिकारापर्यंत पोंचली होती, हा व्यापाराच्या इतिहासांतला पुरावा एका कणांतून निघाला.

बनावट कागदांच्या परीक्षेंत हीच रीत अधिक धारदार होते. विनलंड नकाशा नांवाचा, पंधराव्या शतकांतला म्हणून येल विद्यापीठानें १९६५ सालीं प्रसिद्ध केलेला एक नकाशा आहे. त्याच्या पिंवळसर रेषेंत टिटॅनियमचें ऑक्साइड असल्याचें मॅक्रोन यांनीं १९७४ सालीं सांगितलें. २००२ सालीं लंडनच्या ब्राउन व क्लार्क यांनीं रामन-किरणांनीं तेंच दाखविलें, कीं वरची काळी शाई काजळाची असून खालच्या पिंवळ्या रेषेंत तें ऑक्साइड आहे, म्हणजे लोहशाई जुनी झाल्यावर पडणारी पिंवळी झांक कोणी मुद्दाम रंगवून घेतली आहे. येलनें २०२१ सालीं तो बनावट असल्याचें जाहीर केलें. आपल्याकडे याचा सरळ उपयोग असा. शिवकालीन म्हणून आलेल्या कागदावरील तांबडी शाई हिंगुळाची नसून इओसिन निघाली, तर ती १८७० च्या दशकापूर्वींची असूं शकत नाहीं. त्या रंगाचा जन्मच तेव्हांचा. परंतु येथें घाई करूं नये. कागद व काळा मजकूर अस्सल असून तांबड्या रेघा एखाद्या वारसानें मागाहून ओढलेल्या असूं शकतात. यंत्र शाईचें नांव सांगेल. ती कोणीं व कां घातली, हें दप्तराच्या इतिहासावरूनच ठरवावें लागेल.

सावधगिरीहि हवी. किरण तीव्र झाला तर शेंदूर काळवंडतो, व मनशीळ नुसत्या प्रकाशानेंहि पिंवळी भुकटी होऊं लागते. म्हणून किरण शक्य तितका मंद ठेवून, चित्राच्या कडेस, जेथें रंग सांडलेला असतो तेथें प्रथम पाहावें. चांदीच्या कणांच्या रीतीस तर रंगाचा एक कण काढावाच लागतो. ती सर्वांत शेवटीं.

कै. राजवाडे ३१ डिसेंबर १९२६ रोजीं धुळ्यास वारले व पुढील वर्षीं तेथें त्यांच्या नांवाचें मंडळ निघालें, कै. शंकर श्रीकृष्ण देव यांनीं मठामठांतून जमविलेलीं रामदासी बाडें धुळ्यासच आहेत. खानदेशांतील संग्रह या दृष्टीनें लहान नाहीं. लखनौची राष्ट्रीय संरक्षण-प्रयोगशाळा १९७६ पासून आहे, मुंबईच्या वस्तुसंग्रहालयांत संरक्षणकेंद्र आहे, आणि रामन-यंत्रें आतां पेटींत घालून नेतां येतील इतकीं लहान झालीं आहेत. त्यामुळें पट प्रयोगशाळेंत न नेतां यंत्र पटाकडे आणणें शक्य आहे. तें येईपर्यंत ज्यांच्याजवळ ताम्रपट असतील त्यांनीं तो घासूं नये, तेल लावूं नये, प्लास्टिकच्या पिशवींत ओल कोंडून ठेवूं नये. सुक्या जागीं, कापसाच्या धुतल्या फडक्यांत ठेवून पावसाळ्यांत महिन्यांतून एकदां पाहावा. फिकी हिरवी भुकटी दिसल्यास ती न झाडतां जागा व तारीख लिहून ठेवावी. पट कोणत्या शेतांत, किती खोल, कशा मातींत सांपडला हें माहीत असल्यास तेंहि लिहावें, व त्या मातीचा मूठभर नमुना बाटलींत जपावा. पूर्वीं चिंच-मीठ लावलें असल्यास तें लपवूं नये. पटाच्या कडीच्या भोंकाच्या आंतली कड बहुधा कोणाच्या घासण्यांत सांपडत नाहीं. मूळचा थर पाहावयाचा असेल तर यंत्र आधीं तेथें लावण्यास सांगावें.